वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पोर्ट्स कारचे पाटे हलके कसे झाले?

प्रश्न : 1920 च्या दशकातील स्पोर्ट्स कारमध्ये स्प्रिंगच्या पाट्यांचे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे) वजन कमी करण्यावर एवढा भर का दिला जात असे? पाट्यांच्या जुडग्यातून दोन-तीन पाटे काढून टाकले तर तेच साधणार नाही का?

उत्तर : पाटे काढून वजन निश्चितच घटते, पण ती घट फार महागात पडते. सारख्या जाडीच्या सात पाट्यांपैकी दोन काढले, तर कमान (म्हणजे पाट्यांची ही स्प्रिंग) सुमारे दोन-सप्तमांशाने मऊ होते आणि त्याच भाराखाली उरलेल्या प्रत्येक पाट्यावरील ताण जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतो. जुन्या गाडीत, जिथे पोलाद आधीच थकलेले असते, तिथे हा प्रयोग कोणीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न पोलाद किती आहे यापेक्षा त्यातले किती कामाला लागते, हा आहे. एक टोक घट्ट आवळलेल्या, सर्वत्र सारख्या जाडी-रुंदीच्या पट्टीच्या मोकळ्या टोकावर भार टाकला, तर मुळाशी ताण सर्वाधिक असतो आणि टोकाशी तो शून्यावर येतो, म्हणजे टोकाकडचे पोलाद जवळजवळ नुसतेच ओझे असते. हाच ताण सर्वत्र समान ठेवता आला, तर तेवढ्याच पोलादात तिप्पट ऊर्जा साठवता येते. पाटे खाली खाली आखूड करत नेण्याचे आणि त्यांची टोके निमुळती करण्याचे कारण हेच आहे.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. चाक, अ‍ॅक्सल आणि त्यांच्याबरोबर हलणारा स्प्रिंगचा भाग जितका जड, तितके खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर परत टेकायला उशीर होतो. मधोमध अ‍ॅक्सलला बांधलेल्या नेहमीच्या अर्धकमानीचा सर्वांत जाड भागच अ‍ॅक्सलबरोबर उसळतो. पावकमानीत, म्हणजे तिच्या अर्ध्या भागाएवढ्या कमानीत, मात्र जाड बूड चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने आवळलेले असते आणि निमुळते टोक तेवढे अ‍ॅक्सलकडे जाते. 1922 च्या ऑस्टिन सेव्हनच्या मागील बाजूस अशाच पावकमानी होत्या. 1924 मध्ये लिऑन येथील ग्रां प्रीमध्ये उतरलेल्या बुगाटी टाइप 35 मध्ये त्या उलट्या बसवलेल्या होत्या : बूड चासीच्या मागच्या टोकाशी आणि निमुळते टोक पुढे अ‍ॅक्सलकडे. याच गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल पोकळ होता आणि कमान त्यातील चौकोनी खाचेतून आरपार नेलेली होती. अशी नेटकी लोहारकी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

पुढे 1931 मध्ये पोर्शे यांच्या कार्यालयाने पीळ घेणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. असा दांडा चासीला धरून राहतो, त्यामुळे त्याच्या वजनाचा फारच थोडा भाग चाकाबरोबर हलतो. 1934 च्या ऑटो युनियन शर्यती गाडीत तो पुढच्या चाकांसाठी वापरला गेला, मागच्या चाकांना मात्र आडवी कमानच राहिली.

आपल्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर पाट्यांची संख्या मूळचीच ठेवावी आणि नव्याने घडवताना टोके निमुळती करून घ्यावीत. पाट्यांचे एकमेकांवरील घर्षण हेच त्या काळी बऱ्याच अंशी धक्के शमवत असे. पाटे स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावल्यावर ते घर्षण घटते, म्हणून हार्टफर्ड पद्धतीच्या घर्षण-शमकाचा (चकत्यांच्या घर्षणाने धक्के शमवणाऱ्या साधनाचा) नट त्यानंतर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.