डॉसमध्ये डेल मारण्याआधी

डॉस म्हणजे जुन्या संगणकांची, कमांड टाइप करून चालवायची कार्यप्रणाली. जुन्या मशीनवर त्याचा काळा पडदा बघून बिचकू नका. सीडीने फोल्डर बदलायचा, डिरने आत काय आहे ते पाहायचं. यादी सर्रकन वर निघून गेली, तर डिरपुढे स्लॅश पी लावा, एकेक पान थांबत दिसेल. एवढं अर्ध्या तासात जमतं.

खरी जपायची कमांड म्हणजे फायली पुसणारी डेल. इथे रिसायकल बिन नाही. नावातला स्टार म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. डेल स्टार डॉट स्टार, म्हणजे सगळ्याच फायली, दिलंत तर डॉस निदान एकदा विचारतो, पण डेल स्टार डॉट बॅकला तो मुकाट्याने सगळ्या बॅक (BAK, म्हणजे राखीव प्रतींच्या) फायली उडवतो. म्हणून तोच नमुना आधी डिरला द्या. जी यादी दिसेल, तीच उडणार.

आणखी एक खोच आहे. डॉस स्टारनंतरची अक्षरं बघतच नाही. ‘स्टार ए डॉट टीएक्सटी’ म्हणजे ए-ने संपणाऱ्या फायली असं तुम्हाला वाटेल, त्याच्या लेखी मात्र सगळ्याच टीएक्सटी. (नवीन विंडोजची सवय असलेले इथे हमखास फसतात.)

कॉपीही तितकीच बेरकी. १९९३ च्या ६.२ आवृत्तीआधी ती त्याच नावाच्या फायलीवर न विचारता लिहायची. चुकून काही उडालंच, तर त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. आवृत्ती ५ किंवा ६ असेल तर अनडिलीट ही पुसलेली फाइल परत आणणारी कमांड चालवून बघा. उडालेल्या फायलीच्या नावाचं पहिलं अक्षर डॉस तुम्हालाच विचारेल.