'बनवाबनवी' ही 'सम लाइक इट हॉट'ची कॉपी आहे का, आणि त्या इंग्रजी सिनेमाचं एवढं कौतुक का करतात?

नाही, कॉपी नाहीये. आधी तेवढं मिटवतो कारण हा गैरसमज खूप पसरलाय. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आलाय हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून. 'सम लाइक इट हॉट'वरून आपल्याकडे झाला तो 'रफू चक्कर' (१९७५), ज्यात ऋषी कपूर आणि पेंटल बायका होतात. आणि गंमत म्हणजे तो इंग्रजी पिक्चर तरी कुठे ओरिजिनल आहे, १९३५ चा एक फ्रेंच सिनेमा, त्यावरून १९५१ चा जर्मन आणि तिथून दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड या जोडीने १९५९ मध्ये हा केला.

मग 'सम लाइक इट हॉट'चं कौतुक कशाचं? माझ्या मते मजबुरीचं. गॅदरिंगला एखादा मुलगा साडी नेसून आला की पहिली पाच मिनिटं हशा फुकट मिळतो, पण पुढचे दोन तास काय करणार? त्या जुन्या फ्रेंच-जर्मन गोष्टीत दोन बेकार वादक काम मिळावं म्हणून बायकांचं वेषांतर करतात, म्हणजे कंटाळा आला तर विग काढून घरी जायला मोकळे. वाइल्डर-डायमंडनी तो रस्ताच बंद केला. १९२९ मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन डेला एका गॅरेजमध्ये सात जणांना गोळ्या घालून मारलं होतं, तसंच हत्याकांड गोष्टीत आणलं आणि या दोघांना त्याचे साक्षीदार केलं. आता विग निघाला की मेलात! म्हणून त्या दोघांपैकी एक झालेला जॅक लेमन हाय हिल्सवर धडपडतो तेव्हा हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. (आपल्या बनवाबनवीत गँगस्टर नाहीत पण पुण्यात भाड्याची जागा मिळत नाही ही मजबुरी आहे, आणि ती काही कमी भयानक नाही.)

१९२९ निवडण्याचा अजून एक फायदा, त्या काळचे कपडे आज सगळ्यांचेच विचित्र दिसतात, त्यामुळे बाईच्या वेषातले पुरुष वेगळे खटकत नाहीत.

शूटिंगचे किस्से भरपूर आहेत. हिरोइन मर्लिन मन्रोला खरं तर पिक्चर कलरमध्ये हवा होता, तसं तिच्या काँट्रॅक्टमध्येच होतं, पण टेस्टमध्ये लेमन आणि दुसरा वादक झालेल्या टोनी कर्टिसचे मेकअप केलेले चेहरे हिरवट दिसायला लागले आणि ती ब्लॅक अँड व्हाइटला तयार झाली. सेटवर ती उशिरा यायची, वाक्यं विसरायची. 'इट्स मी, शुगर' या तीन शब्दांसाठी चाळीसच्या वर टेक लागले असं सांगतात, दुसऱ्या एका सीनमध्ये ड्रॉवरमध्ये तिच्या वाक्याच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. बाकी दोघं तोपर्यंत हिल्स घालून उभे. पण पडद्यावर बघा, यातलं काही जाणवतं का? मला तर नजर तिच्यावरून हटवता येत नाही.

माझा सगळ्यात आवडता सीन मात्र लेमनचा आहे. म्हाताऱ्या करोडपतीबरोबर रात्रभर टँगो नाचून आलाय आणि साखरपुडा ठरला म्हणून खुशीत आहे. वाइल्डरने त्याच्या हातात खुळखुळ्यासारखे मराकास दिले, प्रत्येक डायलॉगनंतर तो ते वाजवत नाचतो. कारण काय तर थिएटरमध्ये लोक हसत राहिले तर पुढचं वाक्य ऐकू येणार नाही, म्हणून हसायला जागा ठेवली. आपले नाटकवाले लाफ्टरसाठी थांबतात ना तेच, फक्त सिनेमात नट थांबू शकत नाही म्हणून ही युक्ती!

तेव्हा हॉलिवूडच्या सेन्सॉर कोडचा शिक्का नसतानाच पिक्चर रिलीज झाला आणि तरी धो धो चालला. ऑस्करला सहा नॉमिनेशन्स आणि बक्षीस एकच, तेही कपड्यांसाठी, ओरी-केलीला. २००० मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १०० विनोदी सिनेमांची यादी काढली तेव्हा मात्र पहिला नंबर यालाच.

आणि पिक्चरमधलं शेवटचं ते 'नोबडीज परफेक्ट' (कुणीच परिपूर्ण नसतं) वाक्य, ते खरं तर तात्पुरतं लिहिलेलं होतं, यापेक्षा चांगलं सुचेल म्हणून. सुचलंच नाही. वाइल्डर २००२ मध्ये गेला, त्याच्या थडग्यावर कोरलंय की मी लेखक आहे, पण काय करणार, नोबडीज परफेक्ट.

बघणार असाल तर सबटायटल लावून बघा, डायलॉग सुसाट आहेत.