टॉक्सिक कंपनीतली नोकरी माणसाला खरंच आवडू शकते का?

तुमचा प्रश्न असा आहे: बीकेसीतल्या तुमच्या ऑफिसात रोज कुणाचा तरी चारचौघांत पाणउतारा होतो, रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर कामं येऊन पडतात, तरी निम्मी टीम म्हणते, "आपल्याला इथे जाम आवडतं." ही माणसं खोटं बोलतात का?

माझ्या मते बहुतेक जण खरंच बोलतात. फक्त त्यांचा जीव जडलेला असतो तो कामावर, सोबतच्या माणसांवर किंवा शाबासकीवर. तिथल्या वातावरणावर नाही. या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय राहायचं की सोडायचं हे ठरवू नका.

कामाचं आधी बोलू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलं की समाधान आणि असमाधान या एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. काम स्वतः, त्यातलं यश आणि जबाबदारी यांतून समाधान मिळतं. वरिष्ठांची वागणूक, कंपनीची धोरणं आणि पगार बिघडले की असमाधान येतं. म्हणून एखाद्या मुलीला कोडिंग मनापासून आवडतं आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना तिच्या पोटात गोळाही येतो. दोन्ही खरं. पण तिचं कोडिंगवरचं प्रेम तिच्याबरोबर दुसऱ्या कंपनीतही जाईल, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

सोबतच्या माणसांचं थोडक्यात सांगतो. एकत्र मार खाणाऱ्यांची दोस्ती घट्ट होते. ती नोकरी सुटल्यावरही टिकते, तिच्यासाठी थांबून राहायची गरज नाही.

सगळ्यात फसवी असते ती शाबासकी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर चोच मारत राहतं. दाणा बंद केल्यावरही लवकर थांबत नाही. ऑफिसात हेच घडतं. तीन महिने "हे काय केलंय तुम्ही?" म्हणणारा बॉस एके दिवशी टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या बैठकीत, तुमचं नाव घेतो. घरी फोन जातो, पेढे येतात. तो आनंद खराच, पण त्यातला मोठा भाग सुटकेचा असतो. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून, गुडघ्यावर लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून एक्सेल दुरुस्त करणारा माणूस सांगतो, "सरांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून मलाच सांगतात." त्याला नावं ठेवू नका. त्याला एवढंच विचारा: सर सहा महिने काहीच बोलले नाहीत, तर हेच काम आवडेल का?

स्वतःसाठी 20 कामाचे दिवस नोंद ठेवा. वहीत तीन रकाने: आज कशात मन रमलं, कशाची भीती वाटली, कुणी काय म्हटलं (शब्द, तारीख, वेळ). परतीच्या लोकलमध्येच लिहा. रात्री झोपताना लिहिलं की थकव्यामुळे सगळंच काळं दिसतं आणि रविवारी दुपारी लिहिलं की सगळं सोसण्यासारखं वाटतं. नुसतं "वाईट दिवस" असं लिहू नका, त्यातून महिन्याने काहीच कळत नाही. पहिल्या रकान्यात फक्त कामाची नावं येत असतील, तर तुमचं प्रेम कामावर आहे. तिथे फक्त "आज ओरडले नाहीत" असं येत असेल, तर त्याला आवड म्हणता येत नाही.

शरीराकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटची तीन लक्षणं धरते: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. तिने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. झोप उडाली असेल तर 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मग त्रास एका मॅनेजरचा आहे की वरपासून खालपर्यंत हीच रीत आहे, ते तपासा. शेजारच्या टीममधले लोक सात वाजता निघू शकत असतील, तर कंपनीतच बदली मागा. वरचे साहेबही तसेच बोलत असतील तर बदलीने आगीतून फुफाट्यात. लैंगिक छळ असेल तर घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला ही समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. पुरावा म्हणून कंपनीच्या फायली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. करारभंगाचा ठपका तुमच्यावरच येतो. वहीतली नोंद पुरे, आणि पगाराच्या स्लिपा, अप्रेझल लेटर मात्र आजच उतरवून ठेवा.

सोडायचं ठरलं तर रागात राजीनामा देऊ नका, आधी अपॉइंटमेंट लेटर काढा. नोटीस 60 दिवसांची की 90, ती विकत घेता येते का (म्हणजे पैसे भरून लवकर निघता येतं का), आणि ते पैसे बेसिकवर कापतात की पूर्ण पगारावर, हे त्यातच असतं. बऱ्याच ठिकाणी नोटीसमध्ये असलेल्याला व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा पगाराचा भाग) देत नाहीत, म्हणून ते खात्यात येऊ द्या. कायम नोकरीची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील आणि तब्येत साथ देत असेल, तर तेवढं थांबा: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार 30,000 असेल तर 15 भागिले 26 या हिशेबाने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 86,500 रुपये होते. घरखर्च महिना 55,000 असेल तर सहा महिन्यांचे 3,30,000 बाजूला हवेत. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. आईवडील त्यावर असतील तर त्यांची स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याआधी घ्या. लोक नेमकं हेच विसरतात.

नव्या ठिकाणी मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेले? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ऑफर स्वीकारण्याआधी एका संध्याकाळी आठ वाजता त्या इमारतीखालच्या टपरीवर चहा घ्या आणि बाहेर पडणाऱ्यांशी दोन शब्द बोला.