‘चर्चा करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : ‘कोयनेचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) कोकणातील पाणीटंचाईवर उपाय ठरू शकेल का? चर्चा करा’ या १५ गुणांच्या सराव-प्रश्नाला मी कोयना प्रकल्पाची सगळी माहिती लिहिली. मुद्दा एकही चुकला नव्हता, तरी ५ गुण मिळाले. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’, ‘टीकात्मक परीक्षण करा’ यांत खरंच फरक असतो का? (विद्यार्थिनी, गुहागर)

उत्तर : असतो, आणि तुमचे गुण तिथंच गेले. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं. ‘कोयना’ दिसलं की पाठ केलेलं बाहेर पडू लागतं आणि नजर टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रश्न शेवटाकडून वाचा. आधी क्रियापदाभोवती गोल करा, मग विषयाखाली रेघ मारा, मग ‘कोकणातील’सारख्या मर्यादा घालणाऱ्या शब्दाला चौकट करा.

पाणीटंचाईचंच घेऊ. ‘वर्णन करा’ असेल तर कुठे, केव्हा, कुणाला एवढंच. कारणांत शिरू नका.

‘स्पष्ट करा’ म्हटलं की ‘का’ आणि ‘कसं’ आलं. पाऊस भरपूर, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, नद्या आखूड, उतार तीव्र, जांभा खडक सच्छिद्र. इथं प्रत्येक मुद्द्याला ‘म्हणून’ जोडायला हवं. ‘जांभा सच्छिद्र आहे’ एवढ्यावर थांबलात तर ती नुसती माहिती. ‘म्हणून मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे निसटतं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात’ लिहिलंत की स्पष्टीकरण झालं.

‘चर्चा करा’ला दोन बाजू लागतात. बाजूनं : वीजनिर्मितीनंतर कोयनेचं पाणी वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं, म्हणजे ते हाताशी आहे. विरोधात : ते खाली नदीपात्रात मिळतं, तहान मात्र वर डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांना, उपसून चढवायला वीज लागते, शिवाय पाणी सुटतं ते वीजनिर्मितीच्या सोयीनं. शेवटी तुमचा कल कुठे, ते सांगा. तुम्ही प्रकल्पाचं वर्णन लिहिलंत, दुसरी बाजू आलीच नाही.

‘टीकात्मक परीक्षण’ पाहून पुष्कळ जण नुसते दोष काढत सुटतात. टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे. विधानामागचं गृहीतक शोधून तपासायचं असतं. अवजलाच्या प्रश्नात ‘कोकणात पाणीच कमी आहे’ हे गृहीत धरलेलं आहे. पाणी पडतं, पण टिकत नाही. मग आधी साठवण की आधी अवजल, हा खरा मुद्दा. इथं कल सांगून भागत नाही, कितपत खरं याचा निवाडा द्यावा लागतो.

वेळेचं गणित : यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी ३ तासांत २० प्रश्न असतात. १० गुणांना १५० शब्द, १५ गुणांना २५० शब्द. साधारण ७ आणि ११ मिनिटं धरा, त्यातलं एक मिनिट गोल-रेघ-चौकटीला. २५० शब्दांच्या चर्चेत ओळख ३०, दोन्ही बाजू ९०-९०, निष्कर्ष ४०.

प्रश्न : ‘विशद करा’ आणि ‘विवेचन करा’ यांत काय फरक? (देवगड)

उत्तर : फार कीस काढू नका. ‘विशद’ म्हणजे उदाहरण देऊन स्पष्ट करणं. ‘विवेचन’ म्हणजे विषयाची मुद्द्यांत फोड करून प्रत्येकाचा विचार. यूपीएससीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, तेव्हा मराठीतून लिहिणाऱ्यांनी ‘डिस्कस’, ‘एल्युसिडेट’ (विशद करा), ‘क्रिटिकली एक्झामिन’ हे शब्दही ओळखीचे करून ठेवावेत.

गुण जास्त जातात ते ‘फरक स्पष्ट करा’त. आधी हापूसवर एक परिच्छेद, मग पायरीवर एक, असं लिहिलं की फरक शोधायचं काम परीक्षकावर पडतं. निकष धरा : आकार, साल, चव, टिकाऊपणा. एका निकषाला दोन्ही आंबे एकाच ओळीत आले पाहिजेत.