कुंडीत वाढवलेली टोमॅटोची रोपे बाहेर वाफ्यात लावताच माना का टाकतात?

रोपे माना टाकतात याचे कारण बहुधा मातीतील पाण्याची कमतरता नसून, ती सावलीतून थेट उन्हावाऱ्यात नेली जाणे हे असते. म्हणून लावणीपूर्वी 7 ते 10 दिवस कुंड्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करून रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवाव्यात. आडोशाला वाढलेल्या पानांवरील मेणचट थर पातळ असल्याने त्यांतून पाणी झपाट्याने उडते, आणि काढताना तुटलेली केसासारखी बारीक मुळे ती तूट भरून काढू शकत नाहीत. लावणी संध्याकाळी करावी, रोप खोडाऐवजी पानाला धरून उचलावे (पान पुन्हा फुटते, चिरडलेले खोड सावरत नाही). वांगी-मिरचीलाही हे लागू पडते. गाजर-मुळा मात्र जागेवरच पेरावेत, कारण सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात.