व्हेरिकोज व्हेन्स: शिरेची जाडी नंतर, आधी घोट्याची कातडी बघा

तुमचा प्रश्न आणि डॉपलरच्या, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा फोटो, दोन्ही नीट बघितले. आई ५४ वर्षांच्या, पोळी-भाजी केंद्र चालवतात, पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यासमोर उभ्या. डाव्या पायाच्या शिरा दुसऱ्या बाळंतपणापासून फुगलेल्या, पण दुखत नव्हत्या म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आता घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग पडलाय आणि तिथे खाज सुटते. एका डॉक्टरांनी लेझर सांगितलं, दुसऱ्यांनी ग्लू, मावशी म्हणतात तेलाने चोळ, आणि तुम्हाला विचारायचंय की नुसत्या दाबाच्या घट्ट मोज्यांवर भागेल का.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, नोकरीचा मोठा काळ सर्जिकल वॉर्ड आणि ड्रेसिंग रूममध्ये गेला. म्हणजे या आजाराचं शेवटचं टोक रोज समोर यायचं. त्या अनुभवावरून सांगते, निर्णय अर्थात तुमच्या सर्जननी घ्यायचा.

तुमच्या प्रश्नात शिरांचं वर्णन चार ओळी आहे आणि डागाचं अर्धी ओळ. मी असते तर उलटं लिहिलं असतं. बोटाएवढ्या जाड, गाठी-गाठींच्या शिरा घेऊन जन्मभर शेतात राबणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्या घोट्याची कातडी मऊ, स्वच्छ. आणि वरून जेमतेम दोन शिरा दिसणाऱ्या बाईंच्या घोट्याला मात्र महिनोन्‌महिने न भरणारी जखम. शीर किती फुगली यावरून पाय किती बिघडलाय ते कळत नाही. कातडीवरून कळतं. डॉक्टर लोक या आजाराच्या सी-० ते सी-६ अशा पायऱ्या मोजतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा म्हणजे सी-१, तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेली शीर सी-२, सूज सी-३, काळपट डाग-खाज-कडक कातडी सी-४, भरून आलेली जखम सी-५ आणि उघडी जखम सी-६. तुमच्या वर्णनावरून आई सी-४ वर आहेत. घाबरण्यासारखं नाही, पण ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणण्याचे दिवसही संपलेत.

तो डाग येतो कुठून? पायातलं रक्त वर चढायचं तर त्याला दोन गोष्टी लागतात: पोटरीच्या स्नायूंचा दाब आणि शिरांमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपात चढलेलं पाणी मोटर बंद होताच खाली येतं ना, तसंच इथे. झडप नीट मिटली नाही की रक्त माघारी येऊन घोट्याशी साचतं. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब ८०-९० मिमी पाऱ्याइतका असतो. चालायला लागलं की निरोगी पायात तो ३० च्या खाली उतरतो. झडपा गळक्या असल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसरात्र तसाच दाब राहिला की तांबड्या पेशी शिरेतून बाहेर झिरपतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं. तोच तुमचा काळपट डाग. तो मळ नाही, बुरशी नाही, आणि कुठल्याही क्रीमने जाणार नाही.

हे मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही म्हणालात की खाजेसाठी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय. दाद-खाजेच्या त्या मिक्स ट्यूबमध्ये बहुतेक वेळा कडक स्टेरॉइड असतं. आधीच पातळ झालेली कातडी त्याने आणखी पातळ होते, मग खाजवताना नख लागतं आणि तिथेच जखम सुरू होते. ड्रेसिंगला येणाऱ्या पेशंटला ‘सुरुवात कशी झाली’ विचारलं की उत्तर ठरलेलं: खाजवलं, किंवा खाटेचा कोपरा लागला, किंवा डास चावला. ट्यूब आजच बंद करा. साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन हलक्या हाताने लावा, नखं कापा, आणि खाज फारच असेल तर कातडीच्या डॉक्टरांना पायाच्या शिरांबद्दल सांगूनच औषध घ्या.

आता रिपोर्ट. त्यात लिहिलंय की डाव्या पायात ‘एसएफजे इनकॉम्पिटंट’, ‘जीएसव्ही ८.४ मिमी, रिफ्लक्स २.१ सेकंद’, आणि घोट्याच्या वर दोन ‘परफोरेटर’ गळके. जीएसव्ही म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर. जांघेत ती खोल शिरेला मिळते, तो सांधा म्हणजे एसएफजे. तिथली मुख्य झडप गळतेय. रक्त उलटं वाहण्याचा काळ अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असला तर दोष धरतात. आईंचा दोन सेकंदांच्या वर आहे. परफोरेटर म्हणजे वरवरच्या आणि खोल शिरा जोडणाऱ्या आडव्या शिरा. म्हणजे पोटरीवर जे दोर दिसताहेत तो परिणाम, मूळ गळती जांघेत. पोटरीवरच्या गाठीत इंजेक्शन देऊन मोकळं व्हा, असं कुणी डॉपलर न बघता सांगत असेल तर तिथून उठा.

या फोटोत एक महत्त्वाची ओळ मला दिसली नाही: खोल शिरांची, म्हणजे डीप व्हेन्सची. त्यात गुठळी नाही ना, त्या मोकळ्या आहेत ना, हे लिहिलेलं असायलाच हवं. पायातलं जवळपास ९० टक्के रक्त त्याच वाटेने वर जातं. ‘एवढी मोठी शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून’ या तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. खोल वाट मोकळी असेल तर गळकी शीर बंद केल्याने पायाचा ताण कमी होतो; ती वाटच बंद असेल तर मात्र सगळा हिशोब बदलतो. आणि हो, तपासणी आईंना उभं करून केली होती का तेही विचारा. नुसतं आडवं झोपवून केलेल्या डॉपलरमध्ये गळती नीट पकडता येत नाही.

पायाला सूज येत असेल तर ती फक्त शिरांचीच आहे का, हेही एकदा बघून घ्या. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, किडनी, थायरॉइड, आणि बीपीची गोळी तपासायची. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजणं अगदी नेहमीचं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडच्या पेशंटमध्ये हत्तीरोगही डोक्यात ठेवावा लागतो, त्यात पावलाचा वरचा भागही फुगतो.

लेझर की ग्लू? खरं सांगू, आईंच्या पायाला त्या दोन्हींतला फरक तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. लेझर आणि आरएफए (रेडिओलहरींची उष्णता), दोन्हीत शिरेच्या आत बारीक तार सरकवून उष्णतेने शीर आतून मिटवतात. आरएफएमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसला, सात-सात सेंटिमीटरचा एकेक तुकडा २० सेकंद तापवतात. शिरेभोवती भूल मिसळलेलं सलाइन भरलेलं असतं, त्यामुळे आजूबाजूला चटका बसत नाही. ग्लूमध्ये उष्णता नाही, शीर चिकटवून टाकतात. टोचणं कमी, पण खर्च सहसा जास्त, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. फोम म्हणजे औषधाचा फेस करून शिरेत सोडणं; उरलेल्या वाकड्यातिकड्या शिरांना चांगलं. जुनं जांघेत कापून शीर ओढून काढायचं ऑपरेशनही वाईट नव्हे, सरकारी रुग्णालयांत अजून होतं आणि नीट केलं तर उत्तम टिकतं, फक्त दुखणं आणि विश्रांती जास्त. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली क्रम लावून दिला: आधी उष्णतेचा उपाय, तो जमत नसेल तर फोम, तेही नाही तर ऑपरेशन. ग्लू तेव्हा नवीन होता.

मी मशीनपेक्षा हे विचारीन: डॉपलर सर्जन स्वतः बघतात का? एसएफजे, परफोरेटर आणि पोटरीवरच्या गाठी, तिन्हींचं काय करणार? नंतरचा डॉपलर कधी? आणि शिरा पुन्हा आल्या तर? पुन्हा येऊ शकतात, नव्या शिरा फुगतात. ‘कायमचा इलाज, गॅरंटी’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही. बायपासला लागणारी शीर गेली तर काय, ही शंकाही अनेकांना असते. फुगून गळकी झालेली शीर बायपासला तशीही फारशी कामाची नसते. दुसरा पाय आणि छातीतली धमनी असतेच.

जखम होईपर्यंत थांबायचं का, यावर माझं मत पक्कं आहे: नाही. २०१८ साली ब्रिटनमधल्या ४५० पेशंटवरचा ‘एव्हरा’ हा अभ्यास आला. ज्यांची जखम उघडी होती त्यांच्यात दाबाच्या पट्टीसोबत शीर लवकर बंद केली तर निम्म्या जणांची जखम ५६ दिवसांत भरली, आणि उशीर केला त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये वर्षानुवर्षं नुसती पट्टी बदलायला येणाऱ्यांची रांग आठवली की हे आकडे मला आणखी जड वाटतात. त्या रांगेत हळद, राख, कॅप्सूल फोडून पावडर, सगळं लावून आलेले पाय असायचे. जखमेवर काय लावलं यापेक्षा बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टीचा दाब नीट बसला का, यावर ती भरायची. नुसत्या जखमेवर गोल पट्टी बांधली की खालचं पाऊल टम्म फुगतं.

मोज्यांवर भागेल का? त्रास कमी होईल, सूज उतरेल, गळकी झडप काही दुरुस्त होणार नाही. पण घालायलाच हवेत. अशा पायाला सहसा क्लास टू, म्हणजे साधारण २३ ते ३२ मिमी दाबाचे, गुडघ्याखालपर्यंतचे सांगतात. घेण्याआधी एक अट: पावलाची नाडी लागते का ते डॉक्टरांनी तपासलेलं असावं. मधुमेह असेल, विडी-तंबाखू असेल, धमन्या चोंदलेल्या असतील तर घट्ट मोज्याने पायच धोक्यात येतो.

माप सकाळी, सूज चढायच्या आधी घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी. ‘एम साइज चालेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. मोजा अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचा. टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, टाच बरोबर टाचेत बसवायची आणि मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवायचा. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले तर पकड चांगली येते. जोडवी आणि पैंजण आधी काढा; जोडव्यात धागा अडकून नवे कोरे मोजे पहिल्याच दिवशी फाटलेले मी पाहिलेत. वरची कड गुंडाळायची नाही, नाहीतर तिथे काच पडतो आणि खालचा पाय आणखी फुगतो. रात्री काढायचे. उकाड्यात, ओट्यापाशी, शेगडीसमोर ते नकोसे होणार, मला मान्य आहे. दोन जोड ठेवा, रोज धुवा, सहा महिन्यांत ताण गेला की बदला.

केंद्र बंद करायची गरज नाही. त्रास उभं राहण्याचा आहे तसाच एका जागी थिजून उभं राहण्याचा आहे. पोळ्या लाटताना मध्ये मध्ये टाचा उचलून चवड्यावर यायचं, एक पाय आळीपाळीने पाटावर ठेवायचा, कणीक मळणं आणि भाजी निवडणं बसून. काम संपल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा, अर्थात हृदयाचा त्रास नसेल तर. संध्याकाळी चालणं हवंच. साडीच्या दुकानातल्या सेल्सगर्ल्सना याच त्रासापायी लढावं लागलं, तेव्हा कुठे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कामाच्या जागी बसायचा हक्क कायद्यात घातला. आईंचं केंद्र त्यांचं स्वतःचं आहे, एक उंच स्टूल आणायला कुणाची परवानगी नको! आणि हा फक्त बायकांचा आजार समजू नका. एडिनबरातल्या १५६६ जणांच्या पाहणीत तो पुरुषांत जास्त सापडला होता, ४० टक्के पुरुष आणि ३२ टक्के बायका. बाबांचेही पाय एकदा बघून घ्या.

मावशींच्या तेलाबद्दल: हलक्या हाताने लावायला हरकत नाही, रगडून चोळायचं नाही. शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक होऊन दुखायला लागली तर अजिबात हात लावायचा नाही, दवाखान्यात जायचं. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखायला लागली तर त्याच दिवशी जायचं. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी, कारण खोल शिरेतली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

आणि घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं: फुगलेली शीर कधी कधी बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या अंघोळीत, नुसत्या ओरखड्याने फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. माणूस घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीत बसतो, आणि रक्त थांबत नाही. यात माणसं दगावलीत. आईंना तिथेच जमिनीवर आडवं करायचं, पाय भिंतीला टेकवून उंच करायचा, स्वच्छ फडकं घेऊन फुटलेल्या जागी बोटाने सलग दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. वर दोरी बांधायची नाही. मग दवाखाना.

पैशाचं शेवटी. मेडिक्लेममध्ये व्हेरिकोज व्हेन्स बहुतेक वेळा दोन वर्षं थांबायच्या यादीत असतात, तेव्हा पॉलिसीची तारीख आधी बघा, आणि कॅशलेस मागताना डॉपलरसोबत डाग आणि खाजेची नोंद असलेला केसपेपर जोडा. नुसतं ‘शिरा दिसतात’ लिहिलेलं असलं तर दिसण्यासाठीचा इलाज म्हणून नाकारतात. पॉलिसी नसेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा सरळ जवळच्या मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत जा. रिपोर्टचं दुसरं पान मिळालं की खोल शिरांची ओळ इथे टाका, मग पुढचं बोलू.