गणपती सोमवारी, तयारी आषाढात

अधिक ज्येष्ठामुळे यंदा गणपती उशिरा येताहेत: १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. गेल्या वर्षीच्या २७ ऑगस्टपेक्षा अठरा दिवस जास्त हाताशी आहेत. नोकरी सांभाळून सण करणाऱ्यांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाचांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी रत्नागिरीत बँकेत आहे. घरी पाच दिवसांचा गणपती, रजा दोनच. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. चतुर्थीला सकाळी पूजा, पानाचा स्वयंपाक आणि एकवीस मोदक एकदम अंगावर येतात आणि घाईत मोदक फुटतात. आदल्या रात्री करून ठेवले तर?

उत्तर : मोदक करून ठेवू नका. उकड रात्रभरात कडक होते आणि पुन्हा वाफवलं तरी पारीला मूळचा मऊपणा येत नाही. पण मोदकाचं निम्म्याहून जास्त काम आदल्या दिवशीपर्यंत उरकतं.

पिठी आधी. तांदूळ दोन पाण्यांनी धुवायचे आणि सुती कापडावर पंख्याखाली पसरायचे. मूठ दाबून उघडली की दाणे सुटे पडले पाहिजेत. पावसाळी हवेत याला रात्रही पुरत नाही. तांदूळ ओलसर राहिले तर पिठीला आंबूस वास येतो, म्हणून कोरडा दिवस मिळेल तेव्हा श्रावणातच हे करून टाका. गिरणीत गव्हावर दळू नका, तांदळावरच दळून घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात पिठी महिनाभर चांगली राहते.

चून, म्हणजे मोदकाचं सारण, दोन दिवस आधी करता येतं. एकवीस मोदकांना ओलं खोबरं अडीच वाट्या आणि गूळ सव्वा वाटी. गूळ विरघळून पाणी सुटतं, ते आटून चून कढईला सोडू लागलं की लगेच उतरवा. त्यापुढे परतलं तर गार झाल्यावर चिक्कीसारखं कडक होतं, आणि आधीच उतरवलं तर मोदकाच्या बुडातून रस गळतो. पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. वीज वारंवार जात असेल तर आदल्या रात्रीच करा, कारण दमट हवेत बाहेर ठेवलेलं चून दिवसभरात आंबतं.

चतुर्थीला सकाळी राहते ती उकड. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करून पिठी घाला, ढवळा, झाकून दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तशीच ठेवा. हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळा. गोळी दाबून बघा. कडेला चिरा पडल्या तर उकड कोरडी आहे, हात ओला करून पुन्हा मळा. तुमचे मोदक फुटतात ते बहुतेक इथेच: घाईत उकड गार होते आणि मग ती मळली जात नाही. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा, एका वेळी एकच गोळी बाहेर काढा. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर मांडा आणि पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं वाफवा. त्याहून जास्त वाफवले तर पाकळ्या तडकतात.

सासूबाईंसाठी टेबलाला स्क्रूने बसणारी खवणी आणा, खोबरं त्या खुर्चीवर बसून खवतील. वाती, कापसाची वस्त्रं आणि दुर्वांच्या जुड्याही त्यांच्याकडे द्या. दुर्वा आदल्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. पाण्यात बुडवून ठेवल्या तर कुजतात. दोनच रजा असतील तर मंगळवार आणि विसर्जनाचा शुक्रवार, १८ तारीख, या दिवशी घ्या. चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असतेच.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला, घर कणकवलीजवळच्या वाडीत. मे महिन्यापासून ते बंद आहे. दरवर्षी आदल्या रात्री पोचतो आणि पहाटेपर्यंत साफसफाई करतो. दोघांनाही जास्त रजा नाही. हे कसं जमवावं?

उत्तर : आधी तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. शुक्रवार ११ सप्टेंबरच्या गाडीचं १३ जुलैला आणि रविवार २० सप्टेंबरच्या परतीचं २२ जुलैला, सकाळी आठला उघडेल. दिवस मोजताना गाडी जिथून सुटते तिथली तारीख धरतात, म्हणून मध्यरात्रीनंतर तुमच्या स्टेशनात येणारी गाडी असेल तर एक दिवस आधी बघा. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर मंगळवार ते शुक्रवार अशा चार रजांत १२ ते २० हे नऊ दिवस गावी मिळतात. त्यात साफसफाईला पूर्ण दोन दिवस येतात. यंदाचा सोमवार यासाठी फार सोयीचा आहे, तो वाया घालवू नका.

तरी आठवडाभर आधी घर कोणीतरी उघडावं. वाडीतल्या कुणाला सांगाल तर मजुरी ठरवून द्या, शेजारधर्मावर ढकलू नका. त्या दिवसांत त्यांच्याही घरी गणपती असतो. त्यांच्याकडून तीनच गोष्टी करून घ्या: खिडक्या उघडणं, कौलं सरकून कुठे गळतंय का ते बघणं आणि खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, शेवाळ काढणं. शेवाळावर पावसाची उघडीप बघून ब्लीचिंग पावडर टाकावी, अर्ध्या तासाने खराट्याने घासून धुवावं. तुळशीपासून लांब. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतू शकतं.

तुम्ही पोचल्यावर दिवे लावण्याआधी स्विचबोर्ड बघा. भिंतीला ओल असेल किंवा स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल तर जोर करून लावू नका, वायरमनला बोलवा. गॅसची नळी उंदरांनी कुरतडलेली असू शकते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडली तर घरभर उडते, ओल्या फडक्याने पुसा.

आता विहीर. बंद घरात हीच सर्वांत जास्त विसरली जाते आणि पाहुण्यांची पोटं बिघडतात ती याच पाण्याने. पाणी किती आहे ते आधी काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, आलेले घनमीटर गुणिले हजार म्हणजे लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून ढवळा, दहा मिनिटांत चुना खाली बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती विहिरीत पाण्याखाली सोडून हलवा. गाळ फेकून द्या, नाहीतर पाणी जड होतं. निदान तासभर उपसा करू नका. हे रात्री करून सकाळी पाणी भरणं उत्तम. पावडर ताजी असावी, उघड्या पिशवीतली जुनी निकामी झालेली असते. पावसाने पाणी गढूळ असेल तर एवढं प्रमाण पुरत नाही, पिण्याचं पाणी उकळाच.

प्रश्न : गुहागर तालुक्यात राहते, अंगणवाडी सेविका आहे. दोन्ही दीर आणि जावा मुंबईहून आदल्या दिवशी येतात. मनाने चांगल्या आहेत, पण दर पाच मिनिटांनी "वहिनी, आता काय करू?" विचारतात. खर्चाचं बोलायलाही संकोच वाटतो.

उत्तर : ताई, तुमच्या जावा मदतीला तयार आहेत आणि तरीही तुम्ही दमता, कारण काय करायचं, कधी, कशात, हे सगळं तुमच्याच डोक्यात आहे. हातचं काम वाटलं जातं, लक्ष ठेवण्याचं काम तुमच्याकडेच राहतं. म्हणून तुकडे वाटू नका, अख्खी कामं द्या. पाचही दिवसांचा नाश्ता एका जावेचा: घावणे की पोहे हे ती ठरवणार, तांदूळ ती भिजत घालणार, तवाही तीच घासून ठेवणार. चहा आणि पाहुण्यांचं पाणी दुसरीचं. आरास, बाजार, भटजींची वेळ आणि विसर्जनाची सोय दिरांकडे. मुलांकडे फुलं, दुर्वा आणि ताम्हन-निरांजन घासणं. नैवेद्याचं पान तुमच्याकडे ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग नाश्त्याच्या घावण्यांना जाळी पडली नाही तरी बोलू नका. एकदा टोकलंत की काम परत तुमच्याकडे येईल.

हे सगळं ऑगस्टमध्ये फोनवर बोला, आल्या रात्री बॅगा उघडताना नव्हे. त्याच फोनवर खर्च. मूर्ती, दक्षिणा, किराणा, नारळ, फुलं आणि सिलिंडर यांचा गेल्या वर्षीचा आकडा मोठ्या दिरांना कागदावर लिहून पाठवा आणि तीन वाटे आधी जमा करायला सांगा. गावी राहणारा आधी खिशातून भरतो आणि मग मागायला संकोचतो, हे बऱ्याच घरांत होतं. यात मागणं काहीच नाही, हा हिशोब आहे. बारा माणसांना पाच दिवस एक सिलिंडर पुरेल या भरवशावर राहू नका, दुसरा भरलेला हवा.

प्रश्न : माटवीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान सासरे जमवत, आता ते नाहीत. नवरा कुडाळात नोकरीला. कधी काय आणावं?

उत्तर : लाकडी चौकट आठवडाभर आधी धुऊन वाळवा आणि वरच्या कड्या ओढून बघा, कारण नारळ, तवशी (मोठी काकडी), चिबूड आणि सुपारीची शिपटी (घड) मिळून वजन बरंच होतं. जड फळं चारी कोपऱ्यांना सारखी बांधा म्हणजे चौकट कलत नाही. नारळ-सुपारी आधी आणून ठेवली तरी चालते. कवंडळं आणि रानफळं दोन दिवस आधी. आंब्याचे टाळ (डहाळ्या) आणि तेरडा आदल्या संध्याकाळी, नाहीतर सकाळी माना टाकतात. रानात जाणं जमलं नाही तर त्या दिवसांत कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारात सगळं सामान विकायला असतं. कळलावीची फुलं बांधत असाल तर मुलांच्या हाती देऊ नका, तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद सर्वांत जास्त. ओळखीच्या जाणत्या माणसाबरोबर मुलाला एकदा रानात पाठवा. झाडं बघितल्याशिवाय नावं लक्षात राहत नाहीत.

प्रश्न : आमच्या वाडीत आरतीची मंडळी रात्री साडेदहाला येतात, तीसेक जण. माझी सकाळी सातची रुग्णालयातली ड्यूटी. उसळ तर द्यायलाच हवी ना?

उत्तर : द्यायलाच हवी असं नाही. आरती महत्त्वाची. मंडळींना आधीच सांगून घरांच्या क्रमात तुमचं घर पहिलं लावून घ्या, सकाळची ड्यूटी म्हटल्यावर वाडी ऐकते. पाच दिवसांत एकच दिवस उसळ आणि बाकीचे दिवस फुटाणे, खोबऱ्याचे काप, गूळ, असं ठेवा. उसळीच्या दिवशी तीस जणांना एक किलो काळे वाटाणे लागतात. ते सकाळी निघताना भिजत घाला, दहा-बारा तास लागतात. ओल्या हवेत त्या पाण्याला वास येतो, म्हणून घरातल्या कुणाला दुपारी पाणी बदलायला सांगा. आधीच शिजवून ठेवायची वेळ आली तर गरम उसळ झाकणाच्या डब्यात भरू नका, रात्रीपर्यंत आंबते. परातीत पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आरती सुरू झाली की कांदा-लसणाशिवाय भाजल्या खोबऱ्याचं वाटण घालून उकळी काढा. अर्ध्या कपाच्या हिशोबाने चहाला दीड लिटर दूध आणि तेवढंच पाणी पुरतं. पत्रावळी आणि कागदी कप वापरलेत तर मंडळी गेल्यावर पातेलं आणि परात एवढंच घासायला उरतं, आणि ते उद्या संध्याकाळी घासलं तरी चालेल.